शेवंताने औषधं थुकली नव्हती

माझ्या धाकट्या बहिणीच्या घशात पांढरे ठिपके आले होते, तेव्हा डॉक्टरांनी तिच्यासाठी दिलेल्या कॅप्सूल मी कोंबड्याला चारल्या. ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवासमोर हात जोडले तरी मनातल्या मनात ती टाळून पुढे जायचो. मी तसाही कमी बोलणारा माणूस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढून नवी गुंडाळायची. या कामात बोलावं लागत नाही. लोक म्हणतात, याचा स्वभावच मुका. म्हणू देत आलो.

निदान झालं तो दिवस आधी सांगतो.

शेवंता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सासर जवळच्याच गावात. नवरा हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातो, त्यामुळे तिच्या दवाखान्याचं सगळं माझ्याकडे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती दमायला लागली. जी बाई ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची, ती थोडं रोवून कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, मग बांधावर बसायची. सोबतच्या बाया टोमणे मारायच्या, "शेवंता आता मालकीण झाली वो, बांधावरून पायते!" तीही हसायची. हसताना धाप लागायची.

मग आडवं झोपलं की खोकला यायला लागला. उशीवर उशी ठेवून ती अर्धवट बसून झोपायची. आधी वाटलं रक्त कमी आहे. मग थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. शेवटी चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात टू-डी इको केला. म्हणजे छातीवर गार जेली लावून एक यंत्र फिरवतात आणि आतलं हृदय चालताना पडद्यावर दिसतं. बाकावर आमच्याआधी पुष्कळ माणसं होती. शेवंता भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि समोरच्या बाईच्या तान्ह्या पोराला डोळ्यांनी खेळवत होती.

डॉक्टर बाई वयाने लहान होत्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही माइट्रल झडप. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात, त्यांच्यामधलं हे दार. यांचं दार नीट उघडत नाहीये. याला माइट्रल स्टेनोसिस म्हणतात, म्हणजे झडप आखडलेली. रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसात दाब वाढतो, म्हणून धाप."

मग त्यांनी विचारलं, "लहानपणी घसा खूप दुखला होता का? ताप, घशात पांढरे ठिपके? आणि थोड्या दिवसांनी सांधे सुजले होते?"

मी तोंड उघडायच्या आत शेवंताच बोलली. मान खाली घालून, शाळेत गुरुजींसमोर बोलावं तसं. "हो मॅडम. औषध देल्लं होतं. मीच थुकत होती. माय सांगते नं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "नाई का, भाऊ?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच म्हणालो.

आता मागचं सांगतो. आमचं गाव जंगलाला लागून. उन्हाळा लागला की मोहाची फुलं पडायला लागायची. आईबाबा उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघायचे, कारण उशीर केला तर गुरं खातात, अस्वलंही येतात. झाडाखालचा पाला आधी जाळून जागा साफ केलेली असायची. त्या काळ्या राखेवर पिवळसर फुलं पडलेली, ओली, जड. सगळ्या गावाला गोड, थोडा आंबूस वास सुटायचा. आजही दुकानात बसल्या बसल्या कोणाच्या पिशवीतून तो वास आला की माझे हात थांबतात.

फुलं अंगणात वाळत घालायची आणि शेळ्या हाकायचं काम शेवंताचं. ती आठ वर्षांची असेल. हातात निरगुडीची काडी, आणि शेळ्यांना शिव्या आईच्या आवाजात. "अवं टवळे, तुह्या बापानं वेचलं का?" आई ते ऐकून हसू दाबायची. दुपारी आम्ही दोघं खापरावर फुलं भाजायचो. ती भाजताना निम्मी खायची आणि मला म्हणायची, "भाऊ, जळाली रे ते." तिचं हे खोटं मला कळायचं आणि आवडायचं. घरात तिच्याएवढं आवडतं मला दुसरं कोणी नव्हतं. हे मुद्दाम लिहितो. मी तिच्यावर रागावून काही केलं असतं तर निदान कारण सांगता आलं असतं.

त्याच दिवसांत तिला ताप भरला. खोकला नाही, सर्दी नाही, एकाएकी ताप आणि घसा. पेज सुद्धा गिळेना. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी. आईने बॅटरी मारून पाहिलं. घसा लालबुंद आणि दोन्हीकडच्या टॉन्सिलवर भाताची शितं चिकटावीत तसे पांढरे ठिपके. बाबा तिला सायकलवर आरोग्य केंद्रात घेऊन गेले, मी मागे पळत. डॉक्टरांनी लाल-पिवळ्या कॅप्सूलची पुडी दिली आणि मी शाळेत जाणारा म्हणून मलाच समजावलं. "सगळ्या संपवायच्या. बरं वाटलं तरी. कळलं?" मी मान हलवली. आई मोहावर जायची, म्हणून औषध द्यायचं काम माझं ठरलं.

पहिली कॅप्सूल तिच्या जिभेला चिकटली आणि तिने थुकली. त्यानंतरची प्रत्येक तिने घेतली. गुळाच्या खड्याबरोबर, डोळे मिटून. दोनतीन दिवसांत ताप गेला. ती परत शेळ्यांमागे धावायला लागली.

आणि माझा कोंबडा आजारी पडला.

कोंबडबाजार आमच्याकडे नवा नाही. झुडपाआड माणसं जमतात, कोंबड्याच्या पायाला छोटी सुरी बांधतात आणि सोडतात. बाबांना त्याचा तिटकारा होता. म्हणून मी आणि माझा मित्र मारोती, आम्ही भागीत पाळलेला कोंबडा मारोतीच्या घरी असायचा. लाल अंगाचा, काळ्या शेपटीचा. त्याला आम्ही कप्तान म्हणायचो. अजून तो एकदाही बाजारात उतरला नव्हता, पण आमच्या बोलण्यात त्याने सगळा तालुका जिंकला होता. तो दाणे टिपेनासा झाला. मान वाकडी करून चोच उघडी ठेवून बसायचा. मारोतीने चोच फाकवली, मी आत पाहिलं. आत पांढरट, दह्यासारखे डाग.

मारोती म्हणाला, "अबे, हे तं तुह्या बहिनीवानीच हाये."

मलाही तसंच दिसलं. घसा तोच, पांढरं तेच, आणि जे औषध शेवंताला तीन दिवसांत लागू पडलं ते माझ्या घरात होतं. शेवंता बरी झालीच आहे, उरलेल्या कॅप्सूल वाया कशाला? आमच्याकडे कोंबड्याच्या जखमेत कॅप्सूल फोडून भुकटी भरायची रीत होतीच. मी रोज दोन न्यायचो, मारोती फोडून भाताच्या गोळ्यात घालायचा. आईने विचारलं की सांगायचो, "देल्ली."

पुढे एका जनावरांच्या डॉक्टरांची मोटार दुरुस्त करताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, कोंबड्यांच्या तोंडात असे डाग देवीच्या रोगात येतात, त्याचा माणसाच्या घशाशी संबंध नाही आणि त्या कॅप्सूलने तो जातही नाही. म्हणजे कोंबड्यालाही त्यांचा उपयोग नव्हता.

दोनतीन आठवड्यांनी शेवंताचा गुडघा सुजला. मग तो उतरला आणि मनगट सुजलं, मग घोटा. दुखणं सांध्यासांध्यांतून फिरत होतं. आईने मला विचारलं, "औषध सगळं देल्लं होतं नं?"

मी म्हणालो, "मी देत होतो. ते थुकते. गोठ्यामागं जाऊन थुकते."

आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. एरवी शेवंता पळाली असती. गुडघा सुजलेला, तिला पळता आलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, नाही थुकली. तिने काही म्हटलं नाही.

वैदूच्या तेलाने, का आपोआप, सांधे बरे झाले. आम्हाला वाटलं, संपलं. तेव्हा हृदयाला काय होऊन बसलं ते चंद्रपूरच्या डॉक्टर बाईंनी समजावलं. घशातला तो जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. काही मुलांमध्ये त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. त्याला रुमॅटिक फीवर म्हणतात. सांधे पूर्ववत होतात, झडपेवर मात्र वण राहतो. तो वण वर्षानुवर्षं घट्ट होत जातो आणि बाई रोवणीला वाकते तेव्हा कधीतरी कळतं.

मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, "औषध पुरं झालं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा टळतं. पण एवढ्या जुन्या गोष्टीबद्दल खात्रीने कोण सांगणार? त्या तर तेव्हा लहान होत्या. त्यांना दोष देऊ नका."

मी त्यांचे आभार मानले आणि निघालो.

नागपूरला मोठ्या रुग्णालयात तिच्या झडपेत फुगा घालून ती मोकळी केली. छाती फाडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, झडपेपाशी फुगा फुगवतात, दार उघडतं. बाहेरच्या व्हरांड्यात मी बसलो होतो. ओळखीपाळखीची नसलेली माणसं एकमेकांना पाणी देत होती. तिला बाहेर आणलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "बाप्पा, श्वास पोटापर्यंत गेला." त्या दवाखान्यांतल्या सगळ्यांचे, नळी धरणाऱ्यापासून स्ट्रेचर ओढणाऱ्यापर्यंत, माझ्यावर उपकार आहेत.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी सांगतो. फुगा घातला म्हणून संपत नाही. घशाचा तोच जंतू परत आला तर झडप आणखी बिघडते. म्हणून शेवंताला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. कंबरेत देतात, फार दुखतं. चुकवायचं नाही.

मी तिला मोटारसायकलवर घेऊन जातो. या फेऱ्यांत आमचं लहानपण परत आलं म्हणा. ती मागे बसून बोलत असते. "भाऊ, या वळनावर चारोळीचं झाड होतं नं?" "भाऊ, त्या सालच्या पुरात आपली बदकं गेली ते कुठी गेली असतील रे?" येताना तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, थांबतो, कारण इंजेक्शननंतर तिला फार वेळ बसवत नाही. मी बसतो, ती उभी राहते. पाण्यात शिंगाड्याचे वेल, पलीकडे जंगल. ती सांगते आणि मी हं हं करतो. माझ्या आयुष्यातले हे चांगले दिवस होते, आणि प्रत्येक दिवशी मला ते चोरल्यासारखे वाटत.

मग गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलीच्या, पिंकीच्या, घशात पांढरे ठिपके दिसले. पिंकी सातवीत आहे. शेवंताने मला लगेच फोन केला. मी दुकान उघडं टाकून गेलो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नीट वेळ देऊन समजावलं. ते जसं सांगितलं तसं लिहितो, कोणाच्या कामी येईल. घशातलं प्रत्येक पांढरं सारखं नसतं. पुष्कळदा ते व्हायरसचं असतं, सोबत सर्दी-खोकला असतो, आपोआप जातं, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. कधी टॉन्सिल स्टोन असतात, म्हणजे टॉन्सिलच्या खाचांत अन्नाचे कण साठून झालेले खडे. तोंडाला वास येतो, धोका नसतो. साखरेच्या रोग्यांना, तान्ह्या बाळांना आणि दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना थ्रश होतो, म्हणजे तोंडातली बुरशी. दह्याच्या साईसारखी दिसते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात न निघणारा पांढरा चट्टा येतो, तो दुखत नाही म्हणून लोक दाखवत नाहीत, आणि तोच दाखवायला हवा. घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, यात राखाडी पडदा धरतो, मान सुजते. लस न घेतलेल्या मुलाला असं झालं तर तासभरही थांबायचं नाही. श्वास अडत असेल, लाळ गिळता येत नसेल, तरी तसंच. आणि ताप, गाठी, खोकला नाही, अशा पांढऱ्या ठिपक्यांमागे तो स्ट्रेप असू शकतो. बॅटरी मारून घरी ओळखू येत नाही. घशातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन तपासतात.

पिंकीचा स्ट्रेपच निघाला. डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध दिलं.

घरी शेवंताने तिच्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला. पिंकीने तोंड वाकडं केलं. शेवंता तिच्यावर ओरडली, "थुकशीन तं पाय! म्या थुकलं होतं, पाय माह्यं काय झालं! माह्याच करनीनं झालं माह्यं!" आणि छातीवर हात मारला. पिंकीने घाबरून गोळी गिळली.

मी दारात उभा होतो. माझं खोटं आता तिसऱ्या पिढीपर्यंत पोचलं होतं.

पुढच्या इंजेक्शनच्या फेरीत, पाळीवर, मी बोललो. आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"शेवंता, तू औषध थुकलं नव्हतं."

"कोनतं?"

"लहानपनीचं. घशाचं."

"थुकलं होतं नं. गोठ्यामागं. मले आठवते."

"एक थुकली होती. पहिली. ते बी घरात. ताप गेल्यावर उरलेल्या मी नेल्या. मारोतीकडं कोंबडा होता माह्या, त्याले चारल्या."

"कोंबड्याले?"

"त्याच्या बी घशात पांढरं आलं होतं."

ती पाण्याकडे वळली. मग म्हणाली, "वाचला का?"

"वाचला. आपल्या आपच."

"मंग? बाजारात जितला?"

"नाई. सुरी बांधली अन् पयाला. लोकायच्या टांगांतून पयाला."

ती हसली. कंबरेला हात लावून, दुखत असताना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माह्या कॅप्सुला खाऊन पयाला! मुडदा मेला!" मीही हसलो. आणि मग ती एकदम थांबली.

"पन मले आठवते नं, भाऊ. गोठ्याची भित आठवते. मातीत पडलेली लाल-पिवळी कॅप्सूल आठवते."

"मी तसं सांगितलं म्हनून आठवते."

"मायनं मारलं होतं मले."

"हो."

"गुडघा सुजला होता तवा."

"हो."

"अन् तू तिथीच होता."

मी उठून गाडी सुरू केली.

ती गाडीवर बसली. घर आलं. उतरताना एवढंच म्हणाली, "पिंकीले मी सांगतो. मायले तू सांग."

पुढच्या वेळी ती इंजेक्शनला बसने गेली, मला न कळवता. त्याच्या पुढच्या वेळी सकाळीच फोन आला, "काऊन, येतो का नाई? उन्ह होऊन राह्यलं." मी गेलो. तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने तसं म्हटलेलं नाही. वाटेत तिने पहिल्यासारखी झाडं दाखवली नाहीत, नागपूरच्या डॉक्टरांनी आता काय सांगितलं ते सांगितलं. झडप बरी आहे. रोवणीला जात नाही, पण घरचं सगळं करते. पिंकीच्या गोळ्या सगळ्या संपल्या.

तुमच्या घरी पोराच्या घशात पांढरं दिसलं तर दाखवा, आणि औषध दिलं तर शेवटपर्यंत द्या. बरं वाटलं तरी. आणि औषध अर्धवट राहिलं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, ते शिव्या देत नाहीत. मला हे सांगायला दोन शब्द लागले असते.

आई माझ्याकडेच राहते. थकली आहे, कानाने कमी ऐकते, पण भेटायला आलेल्या प्रत्येकाला शेवंताची कथा सांगते. प्रेमानेच सांगते, डोळे पुसत. "लहानपनी औषध थुकलं पोरीनं, आता भोगून राह्यली." मी समोर असतो. कितीदा तिच्याजवळ जाऊन बसलो. तिला सांगायचं म्हणजे नुसतं माझं सांगायचं नाही. तू चुकीच्या पोराला मारलंस, हेही त्यात येतं. म्हाताऱ्या बाईच्या पदरात ते कसं टाकू, असं स्वतःला सांगतो आणि उठतो. खरं तर मी तिला नाही, स्वतःला जपतो आहे.

परवा शेवंता म्हणाली, "मी थांबतो, भाऊ. माय किती थांबन, त्याचा नेम नाई."

आईला वाचता येत नाही. गावात वाचणारे आहेत. हे छापून आलं तर कोणीतरी तिला वाचून दाखवेल, आणि तिला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

शेवंताने औषधं थुकली नव्हती, हे माझ्या तोंडाने आईला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.